गामा नाइफ झालं, आता पुढचे एमआरआय कसे करायचे, कधी करायचे, आणि रिपोर्ट बघून कधी घाबरायचं

आईच्या गामा नाइफला, म्हणजे डोक्यातल्या गाठीवर दिलेल्या रेडिएशनला, एक वर्ष झालं तेव्हाची गोष्ट. सांगलीतच एका सेंटरला एमआरआय केला, संध्याकाळी रिपोर्ट हातात आला, त्यात लिहिलेलं की १८ मिमीची गाठ २१ मिमी झालीय आणि खाली इम्प्रेशनमध्ये "रिकरन्सची शक्यता", म्हणजे गाठ परत वाढतेय. दादा लगेच मुंबईच्या गाडीची तिकिटं बघायला लागला, आई देवासमोर जाऊन बसली. चार दिवसांनी मुंबईला डॉक्टरांनी सीडी लावली, दोन मिनिटं माऊस फिरवला आणि म्हणाले, अहो वाढली नाहीये, सुजलीय, मधून मेलीय बघा, काही करायचं नाही, वर्षभराने परत दाखवा. हे २०१७ चं. आज ती गाठ १४ मिमीची आहे.

चूक कोणाची म्हणाल तर आमचीच जास्त. फॉर्मवर नुसतं "ब्रेन ट्यूमर, फॉलोअप" लिहिलं होतं, रेडिएशन झालंय हे लिहिलंच नाही, जुनी सीडी नेली नाही, आकडा कळावा म्हणून फक्त मागचा रिपोर्ट दिला. समोरच्याने जे दिसलं ते लिहिलं. म्हणून हे सगळं लिहून काढतेय, मी डॉक्टर नाही, नऊ वर्षं आईची फाइल सांभाळणारी मुलगी आहे, त्यामुळे औषधाचा आणि ऑपरेशनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, मी फक्त स्कॅन कसा करून घ्यायचा आणि कशाशी ताडून बघायचा ते सांगते.

आईची गाठ म्हणजे अकूस्टिक न्यूरोमा, डॉक्टर लोक त्याला व्हेस्टिब्युलर श्वानोमा म्हणतात, कानाकडून मेंदूत जाणाऱ्या तोल सांभाळणाऱ्या नसेवर येते. कॅन्सर नाही, बिनाइन. मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) आणि पिट्युटरीच्या (मेंदूच्या बुडाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीच्या) गाठींनाही असंच रेडिएशन देतात, त्यांचं थोडं वेगळं असतं, ते पुढे येईल.

आधी एक डोक्यात पक्कं बसवून घ्या

नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, "गेली का गाठ?" तर गाठ जात नाही. बहुतेकांची कायम राहते, थोडी आक्रसते किंवा आहे तेवढीच राहते, आणि यालाच ट्रीटमेंट यशस्वी झाली म्हणायचं. नावात नाइफ आहे म्हणून लोकांना वाटतं कापून काढली, पण चाकू वगैरे काही नसतो. स्टॉकहोमचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९६८ मध्ये पहिलं मशीन सुरू झालं, कोबाल्टचे बारीक बारीक किरण चहूबाजूंनी सोडायचे (हल्लीच्या मशीनमध्ये १९२ असतात) आणि ते सगळे एकाच ठिकाणी गाठीवर मिळतात, एकेकटा किरण इतका कमकुवत की वाटेतल्या मेंदूला फारसा त्रास नाही. त्या माराने गाठीच्या पेशी लगेच मरत नाहीत, त्यांची दुप्पट व्हायची ताकद जाते आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या हळूहळू बंद पडतात. बिनाइन गाठ मुळातच सावकाश वाढणारी, त्यामुळे मरतेही सावकाश, महिन्यांत नाही, वर्षांत.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, ट्रीटमेंटनंतर महिन्याभरात हौसेने एमआरआय काढून काही उपयोग नाही, त्यात काही दिसत नाही, पैसे जातात. दोन, एका स्कॅनवरून काहीच ठरत नाही, ओळीने चारपाच स्कॅन लावले की मग गाठ कुठे चाललीय ते कळतं.

किती दिवसांनी करायचा

प्रत्येक हॉस्पिटलचं थोडं पुढेमागे असतं पण अकूस्टिकला साधारण असं असतं, पहिला सहा महिन्यांनी, दुसरा एक वर्षाला, मग दोन वर्षाला, तीन वर्षाला, त्यानंतर सगळं शांत असेल तर दर वर्षाऐवजी एक वर्षाआड, असं करत दहा वर्षांपर्यंत तरी. काही डॉक्टर सहा महिन्यांचा वगळतात आणि सरळ वर्षाला बोलावतात, त्यात चूक काही नाही, कारण सहा महिन्यांचा स्कॅन बऱ्याचदा नुसता घाबरवायच्या कामाचा असतो, पण गाठ मोठी असेल आणि ब्रेनस्टेमला (मेंदूच्या देठाला) टेकलेली असेल तर तो हवाच. डिस्चार्ज कार्डवर तारखा लिहिलेल्या नसतील तर मागून लिहून घ्या, "सहा महिन्यांनी या" एवढ्यावर समाधान मानू नका, दहा वर्षांचा प्लॅन एका कागदावर मागा.

मेनिंजिओमा ग्रेड १ असेल तर युरोपातल्या न्यूरो-ऑन्कॉलॉजीवाल्यांची जी गाइडलाइन आहे त्यात पाच वर्षं दरवर्षी आणि पुढे दर दोन वर्षांनी असं आहे, ग्रेड २ असेल तर पाच वर्षं दर सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी. इथे एक बारकी गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही. पुष्कळ मेनिंजिओमा बायोप्सी न करता, नुसत्या एमआरआयच्या चित्रावरून ओळखून रेडिएशन देतात, कारण जागा अवघड असते. म्हणजे ग्रेड कागदावर "बहुतेक १" असतो, तुकडा तपासून आलेला नसतो. अशांनी पहिल्या दोनतीन वर्षांचे स्कॅन अजिबात चुकवायचे नाहीत, कारण गाठ अंदाजापेक्षा वेगळी निघाली तर ते तिच्या वागण्यावरूनच कळणार.

२०२० मध्ये लॉकडाऊनमुळे आमचा एक स्कॅन हुकला, काही बिघडलं नाही, चौथं वर्ष होतं. पण तेच दुसऱ्या वर्षी झालं असतं तर मी खटपट करून नेलंच असतं.

पहिल्या दिवसाची सीडी, म्हणजे मूळ माप

सगळ्यात महत्त्वाचं हेच आणि इथेच बहुतेक घरांत गडबड होते. ट्रीटमेंटच्या दिवशी (डोक्याला ती फ्रेम बसवून, किंवा मास्क लावून) जो प्लॅनिंग एमआरआय होतो तो तुमचा शून्य. पुढचे सगळे स्कॅन त्याच्याशी ताडायचे. पण डिस्चार्जच्या घाईत ती सीडी कोणी मागत नाही, आपल्याकडे असतो तो डायग्नोसिसच्या वेळचा, कधी कधी वर्षभर जुना एमआरआय, आणि मधल्या काळात गाठ वाढलेली असू शकते.

तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज द्या आणि दोन गोष्टी मागा, प्लॅनिंग एमआरआयची सीडी आणि ट्रीटमेंट समरी. समरीत गाठ किती सीसीची होती, कडेला किती ग्रे (रेडिएशनचं माप) दिला, किती टक्के आयसोडोसला, एकाच बैठकीत का अनेक, हे सगळं असतं. अकूस्टिकला एका बैठकीत १२-१३ ग्रे हा नेहमीचा आकडा, आणि रोज थोडं थोडं देतात ते २८ ते ३० बैठकांत ५०.४ ते ५४ ग्रे. हे आकडे तुम्हाला कळले पाहिजेत असं नाही, पण दहा वर्षांनी दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरसमोर बसाल तेव्हा तो पहिलं हेच विचारेल, आणि तोवर मूळ डॉक्टर रिटायर झालेला असतो.

सीडीचं म्हणाल तर सीडी टिकत नाही. आमची २०१६ ची सीडी २०२१ ला वाचली गेली नाही, नशीब दादाने पेनड्राइव्हवर अख्खं फोल्डर कॉपी करून ठेवलं होतं. आल्या दिवशी कॉपी करायची, पूर्ण फोल्डर, नुसते फोटो नाहीत, ती डायकॉम फाइल असते आणि त्यात मोजमापाची सगळी माहिती असते. पेनड्राइव्ह एक, गुगल ड्राइव्ह एक, फोल्डरला नाव वर्ष-महिना असं द्यायचं, "२०१७-०८ एक वर्ष", म्हणजे आपोआप ओळीने लागतात. घरी बघायचंच असेल तर विंडोजवर रॅडिअँट नावाचा व्ह्यूअर चालतो. फिल्मचा खिडकीला धरून काढलेला व्हॉट्सॲप फोटो कुठल्याही डॉक्टरला पाठवू नका, त्यावरून ते फक्त "भेटायला या" एवढंच सांगू शकतात.

बुकिंग करताना

फोन करून "ब्रेन एमआरआय विथ कॉन्ट्रास्ट" एवढं सांगितलं की सेंटरवाले नेहमीचा ब्रेन करून देतात, पाच मिमी जाडीचे काप. आता विचार करा, गाठ १८ मिमीची आणि काप पाच मिमीचे, म्हणजे अख्खी गाठ तीनचार कापांत संपली, एक काप इकडे तिकडे सरकला की दोन मिमीचा फरक नुसता तिथूनच. त्यामुळे सांगायचं, आयएसी (कानाच्या हाडाच्या नळीचा) प्रोटोकॉल पाहिजे, कॉन्ट्रास्टनंतरचा टी१ थ्रीडी एक मिमीचा पाहिजे, आणि कानाच्या नसांसाठी सीआयएसएस किंवा फिएस्टा (दोन्ही एकच प्रकार, सीमेन्सच्या मशीनवर एक नाव, जीईच्या मशीनवर दुसरं). शिवाय टी२ आणि फ्लेअर तर असतंच, सूज त्यात दिसते. डॉक्टरांकडून हे चिठ्ठीवरच लिहून घेतलं तर वाद होत नाही, टेक्निशियनला मी तोंडी सांगून बघितलंय, "मॅडम आम्हाला माहितीय" म्हणतात आणि तेच जुनं करतात.

शक्य तर दरवेळी एकच सेंटर, एकच मशीन. १.५ टेस्ला चांगलं का ३ टेस्ला (मशीनच्या चुंबकाची ताकद) यावर लोक खूप डोकं खपवतात, पण दरवर्षी मशीन बदलणं जास्त वाईट. स्वस्त पडतं म्हणून एकदा आम्ही दुसरीकडे केला आणि त्या रिपोर्टात गाठ २२ मिमी आली, परत तोच थरकाप, नंतर कळलं की त्यांनी कानाच्या हाडाच्या नळीतला भाग धरून मोजलं होतं, आधीचे सगळे नळीबाहेरचा भाग मोजत होते. गाठ तीच, पट्टी वेगळी.

फॉर्मवर काय लिहायचं ते एकदा मोबाइलमध्ये टाइप करून ठेवा, आमचं असं आहे, "डाव्या बाजूचा व्हेस्टिब्युलर श्वानोमा, गामा नाइफ ऑगस्ट २०१६, १२ ग्रे, ऑपरेशन नाही. कृपया ऑगस्ट २०१६ च्या प्लॅनिंग एमआरआयशी आणि मागच्या एमआरआयशी, दोन्हीशी तुलना करावी." ही एवढी ओळ लिहायला लागल्यापासून एकाही रिपोर्टात रिकरन्स हा शब्द आलेला नाही.

कॉन्ट्रास्ट म्हणजे गॅडोलिनियमचं इंजेक्शन. आधी रक्तातलं क्रिएटिनिन मागतात, किडनी ठीक आहे का बघायला, किडनीचा जुना त्रास असेल तर आधीच सांगा, हल्ली जी मॅक्रोसायक्लिक प्रकारची औषधं आहेत त्यात धोका फारच कमी आहे. डायबिटीसवाल्यांना कोणीतरी सांगतं मेटफॉर्मिन बंद करा, तो नियम सीटी स्कॅनच्या आयोडीनच्या कॉन्ट्रास्टचा आहे, एमआरआयला नेहमीच्या डोसमध्ये तशी गरज पडत नाही, तरी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. दरवर्षी दरवर्षी दिलं की थोडं गॅडोलिनियम मेंदूत साठतं हे खरं आहे, त्याने काही अपाय होतो असं मात्र सिद्ध झालेलं नाही. तरीही पाचसहा वर्षं गाठ शांत राहिली की डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, कॉन्ट्रास्टशिवाय नुसत्या सीआयएसएसवर चालेल का, पुष्कळदा चालतं. गरोदर बाईला मात्र कॉन्ट्रास्ट शक्यतो टाळतात, तेव्हा शंका असेल तर आधी बोला.

आणि हो, एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं. हे मला आत्याला किमान दहा वेळा सांगावं लागलंय, "एकदा एवढं रेडिएशन दिलं आणि आता परत परत?" म्हणते. एमआरआय चुंबकावर चालतो, सीटीमध्ये एक्सरे असतो.

स्कॅनच्या दिवशी

धातूचं सगळं काढायचं हे माहितीच असतं, पण बायकांच्या ब्लाउजला लावलेली सेफ्टी पिन आणि अंबाड्यातले आकडे हमखास राहतात, मशीनच्या दारातून परत आलोय आम्ही. पेसमेकर, जुनी ॲन्युरिझमची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट असं काही अंगात असेल तर बुकिंगच्या फोनवरच सांगा, मॉडेलचं कार्ड मागतात. डोक्याचं ऑपरेशन होऊन टायटॅनियमच्या पट्ट्या बसवलेल्या असतील तर सहसा अडचण येत नाही, पण सांगायचं.

अकूस्टिकवाल्यांची एक खास अडचण असते. एका कानाने ऐकू कमी येतं किंवा येतच नाही, मशीन धडधड करतं म्हणून चांगल्या कानात इअरप्लग घालतात, श्रवणयंत्र तर आधीच काढून ठेवलेलं, मग आत पडलेल्या माणसाला टेक्निशियन काय बोलतोय ते काहीच कळत नाही. आई पहिल्यांदा घाबरून हलली आणि अख्खी सिरीज परत घ्यावी लागली. आता आम्ही आत जायच्या आधीच ठरवतो, इंजेक्शनच्या वेळी टेक्निशियन पायाला हात लावेल, संपलं की दोनदा थोपटेल, आणि हातात तो रबरी फुगा असतोच, दाबला की कोणीतरी येतं. अर्धा पाऊण तास लागतो. हलायचं नाही, गिळायचं सुद्धा जरा बेतानं.

त्याच आठवड्यात ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. गाठ शांत असली तरी कान कमी होत जाऊ शकतो, ते एमआरआयमध्ये दिसत नाही, ऑडिओग्रामच्या कागदावर दिसतं, आणि डॉक्टरांना दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायला आवडतं.

रिपोर्ट आला, आता वाचायचा कसा

आमच्या २१ मिमीकडे परत येऊ. रेडिएशननंतर सहा ते अठरा महिन्यांच्या आसपास अकूस्टिकच्या बऱ्याच गाठी सुजतात. सरसकट सगळ्या नाही, पण इतक्या की डॉक्टरांना त्यात नवल वाटत नाही, याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात, म्हणजे खोटी वाढ. आतल्या पेशी मरतात, पाणी धरतं, गाठ फुगते, आणि मग दोनतीन वर्षांत बसते. ओळखायची खूण म्हणजे कॉन्ट्रास्टच्या चित्रात गाठ आधी सबंध पांढरी दिसायची ती आता मधोमध काळी पडते आणि कडेला पांढरी रिंग राहते, रिपोर्टात "लॉस ऑफ सेंट्रल एन्हान्समेंट" असं लिहितात. हे शब्द दिसले तर पेढे वाटा म्हणत नाही मी, पण पहिल्या दोन वर्षांत वाढलेल्या आकड्याशेजारी हे शब्द असतील तर तो आकडा एकटा वाचू नका. उलट रिंग आली नाही म्हणजे रेडिएशन लागू पडलं नाही असंही नाही, काही गाठी काळ्या न पडताच आक्रसतात.

म्हणूनच पहिल्या दोन ते तीन वर्षांत नुसता आकार वाढला म्हणून, त्रास काही नसताना, ऑपरेशनला कोणी तयार झालं तर दुसरं मत घ्या, शक्यतो ज्यांनी रेडिएशन दिलं त्यांचंच. तीन वर्षांनंतरही एकापाठोपाठ एक स्कॅनमध्ये वाढतच असेल तर मात्र ते खरं फेल्युअर, तसं थोड्यांचंच होतं, दहातल्या नऊहून जास्त अकूस्टिकच्या गाठी ताब्यात राहतात.

मिमीच्या आकड्यात एक गंमत आहे ती पण समजून घ्या. १८ ची २१ झाली म्हणजे तीन मिमी, ऐकायला किरकोळ, पण गाठ तिन्ही बाजूंनी वाढते, गोल धरली तर आकारमान जवळपास ६० टक्क्यांनी वाढलं. उलट १८ ची १४ झाली म्हणजे आकारमान निम्म्याहून कमी झालं. त्यामुळे एका आकड्याऐवजी तिन्ही मापं मागा, लांबी रुंदी उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि दोनने भागायचं, साधारण सीसी येतात. १.८ गुणिले १.४ गुणिले १.३ भागिले २, म्हणजे १.६ सीसी. मी एका वहीत तारीख आणि सीसी एवढाच तक्ता ठेवलाय. एकदोन मिमीचा फरक मोजणाऱ्याच्या हाताचा पण असतो, त्यावर झोप घालवू नका.

आता याची उलटी बाजू, आणि ही जास्त धोक्याची, कारण यात कोणी घाबरवत नाही. रिपोर्टात लिहितात "मागच्या स्कॅनच्या तुलनेत लक्षणीय बदल नाही". २०१९ ला लिहिलं, २०२० ला लिहिलं, २१ ला लिहिलं, दरवेळी एक मिमी, एक मिमी म्हणजे काही नाहीच की, आणि पाच वर्षांत पाच मिमी वाढलेली असते तरी एकाही रिपोर्टात वाढ हा शब्द नसतो. मेनिंजिओमात हे विशेष होतं कारण ती फारच मंद असते. याच्यासाठीच फॉर्मवर पहिल्या दिवसाशी तुलना करा असं लिहायचं, आणि कोणी नाही केली तर आपल्या वहीतला तक्ता डॉक्टरांपुढे ठेवायचा.

गाठीच्या पलीकडे अजून दोन ठिकाणी नजर टाका. रिपोर्टात व्हेंट्रिकल्सबद्दल काय लिहिलंय, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या, त्या मागच्यापेक्षा मोठ्या झाल्यात का, कारण अकूस्टिकमध्ये गाठ वाढलेली नसतानाही पाणी साठू शकतं. आणि गाठीभोवती सूज आहे का, "पेरिलिजनल इडिमा".

मेनिंजिओमा असेल तर

गाठीभोवतीची सूज हा मेनिंजिओमाचा मुख्य त्रास, त्यातही डोक्याच्या वरच्या बाजूला मधल्या रेषेलगत असेल तर जास्त. रेडिएशननंतरच्या काही महिन्यांत येते, डोकं दुखतं, फिट येऊ शकते, हातपाय जड वाटतो. स्टेरॉइडवर बहुधा उतरते, डेक्सामेथासोन देतात, शुगरवाल्यांनी तेव्हा शुगर रोज बघायची कारण ती धाडकन वाढते. सूज फ्लेअरच्या चित्रात दिसते, तिला गाठ वाढली असं समजू नका. "ड्युरल टेल" हा शब्द मेनिंजिओमाच्या रिपोर्टात वर्षानुवर्षं येत राहतो, आवरणाची ती शेपटी तशीच राहिली म्हणून काही बिघडत नाही, ती जाड व्हायला लागली तर विचारा. खरंच वाढतेय का नुसता रेडिएशनचा परिणाम आहे अशी शंका राहिली तर डॉक्टर परफ्युजन एमआरआय किंवा गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन सांगू शकतात, तो दरवर्षी करायचा नसतो, गोंधळ झाला तरच.

पिट्युटरी असेल तर एमआरआय ही अर्धीच गोष्ट. गाठ चित्रात शांत आणि हार्मोन मात्र हळूहळू खाली जातात, तेही रेडिएशननंतर कित्येक वर्षांनी, त्यामुळे कॉर्टिसोल, थायरॉइड वगैरे रक्ततपासण्या सहा महिने ते वर्षाने आयुष्यभर. आठव्या वर्षी कोणी सतत थकलेलं, उलट्या, बीपी कमी, चक्कर, आणि घरचे म्हणतात वयामुळे, असं ऐकलंय मी वेटिंग रूममध्ये, ते कॉर्टिसोल निघालं. ॲक्रोमेगालीवाल्यांना (ज्यांच्यात ग्रोथ हार्मोन जास्त बनतं) आयजीएफ-१ हा रक्तातला आकडा उतरायला वर्षं लागतात, पहिल्या वर्षी उतरला नाही म्हणून रेडिएशन वाया गेलं असं नाही. आणि डोळ्यांची फील्ड टेस्ट दरवेळी, कारण गाठ नजरेच्या नसेच्या खालीच असते.

तारखेची वाट बघायची नाही अशा गोष्टी

चालताना नव्यानं झोकांड्या जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, म्हाताऱ्या माणसाचा अचानक विसराळूपणा, हे तीन एकत्र दिसले तर पाणी साठतंय का बघायला लगेच दाखवा, त्यासाठी साधा सीटी पण पुरतो. तोंड एकाएकी वाकडं होणं, फिट, नजर कमी होणं किंवा दोन दोन दिसणं, उलटीसकट असह्य डोकेदुखी, तर इमर्जन्सीत जायचं, अपॉइंटमेंट घेत बसायचं नाही. जाताना ती मोबाइलमधली ओळ आणि शेवटचा रिपोर्ट न्या. तोंड वाकडं झालं की लोक आधी वाऱ्याचा मार म्हणून तेल चोळतात, अकूस्टिकच्या पेशंटला तसं दोन दिवस घालवू नका, स्टेरॉइड वेळेत सुरू झालं तर फरक पडतो.

दहा वर्षांनंतर काय

दहा वर्षं झाली की पुष्कळ जण सोडूनच देतात. पण क्वचित कोणाला उशिरा सिस्ट (पाण्याची पिशवी) होते, क्वचित गाठ परत डोकं वर काढते, आणि अगदी दुर्मिळ म्हणजे रेडिएशनमुळे दुसरीच गाठ होते, म्हणून ज्यांची ट्रीटमेंट तरुण वयात झालीय त्यांना डॉक्टर तीनचार वर्षांतून एकदा तरी बोलावतात. एनएफ२ म्हणजे दोन्ही कानांच्या गाठी आणि घरात अजून कोणाला, असा आनुवंशिक प्रकार असेल तर त्यांचं वेळापत्रकच निराळं, वर लिहिलेलं त्यांना लावू नका.

आईचा दहाव्या वर्षाचा एमआरआय ऑगस्ट २०२६ ला आहे. दरवर्षी नवीन कालनिर्णय आलं की मी पहिल्यांदा जुन्यावरून तीन नोंदी त्यात उतरवून घेते, क्रिएटिनिन आठ दिवस आधी, स्कॅन, आणि मुंबईची अपॉइंटमेंट. मोबाइलवर रिमाइंडर आहेच, पण मोबाइल बदलतात, आणि भिंतीवरचं आईलाही दिसतं, जुलै लागला की तीच विचारते, सीडी काढून ठेवलीस का.